दिपाना घरनी पेटी

जळगाव
दि. १० जून २०२४

ती. नाना यांस दिपमालेचा सा. नमस्कार.

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच परत कराल, अशी भीती होती. म्हणून पत्ता जरा वेगळ्या वळणानं लिहिलाय. आता फोडलंच आहे तर वाचा. तेवीस वर्षांत आपण चार लग्नांत आणि आत्याच्या दहाव्याला समोरासमोर आलो, आणि दर वेळी तुम्ही माझ्याकडे पाठ करून मांडवाच्या खांबाशी बोलत राहिलात. हल्ली तुम्हाला ऐकू येत नाही असं कळलं. फोनवर अहिराणी लिहिली की फोन ती सुधारतो, म्हणून तुम्ही फोनलाही हात लावत नाही, हेही कळलं. तुमच्या चुका काढणारा कुणीतरी निघाला म्हणायचा. त्यामुळे टपालाशिवाय मार्ग उरला नाही.

विषय एका पुस्तकाचा आहे. इथल्या वाचनालयात आम्ही आठजणी दर महिन्याला जमतो आणि एकीनं एका पुस्तकाची ओळख करून द्यायची असते. ऑगस्टसाठी माझी चिठ्ठी निघाली, विषय 'संशोधकाचं चरित्र'. ग्रंथपाल बन्सीलाल यांनी एक जाड इंग्रजी पुस्तक माझ्या हातात ठेवलं, म्हणाले, तुम्ही कॉम्प्युटरवाल्या, तुम्हालाच हे झेपेल. त्यांच्या लेखी मी अजून दुकान चालवते. शब्दकोश शेजारी घेऊन रोज आठ पानं वाचते.

हे अमेरिकेतल्या एका माणसाचं चरित्र आहे. सॉफ्टवेअर सगळ्यांना उघडून पाहता यावं, बदलता यावं, दुसऱ्याला देता यावं, म्हणून ज्यानं चळवळ उभी केली तो माणूस. सुरुवात एका प्रिंटरपासून होते. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या प्रिंटरमध्ये कागद अडकायचा. जुन्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये या गड्यानं स्वतःच दुरुस्ती केली होती, कागद अडकला की सगळ्यांना निरोप जायचा. मग नवा प्रिंटर आला, पण त्याचा प्रोग्रॅम बंद. आत काय लिहिलंय ते दिसेचना. तो ज्याच्याकडे होता त्या दुसऱ्या विद्यापीठातल्या माणसाकडे हा गेला आणि सरळ मागितला. तो म्हणाला, देता येणार नाही, मी तसं वचन दिलंय. हा तसाच परत आला आणि ते कधीच विसरला नाही.

ते पान वाचलं, पुस्तक मिटलं आणि मी उगाच स्वयंपाकघरात जाऊन उभी राहिले. या गोष्टीत मी कोण, ते मला कळलं होतं. मी तो नाही म्हणणारा माणूस आहे.

दोन हजार एकच्या जूनमध्ये तुम्ही माझ्या अक्षरजुळणीच्या दुकानात आलात. आत्यानं सांगितलेले, तुम्ही अकरा वह्यांत लिहिलेले आणि मी दर रविवारी बसून टाइप केलेले अहिराणी शब्द तुम्हाला धुळ्याला तुमचे मित्र झुलालभाऊ यांच्या कॉम्प्युटरवर न्यायचे होते. त्यासाठी माझ्याकडचं अक्षरांचं सॉफ्टवेअर मागितलंत. मी म्हटलं, कंपनीच्या कागदावर सही केलीय, कॉपी देणार नाही. तुम्ही म्हणालात, माझ्या आईच्या तोंडाला कुलूप घातलंस. त्यानंतर आपण बोललो नाही.

दिलेली सही मोडावी असं मला आजही वाटत नाही. पण सही करताना आपण काय लिहून देतोय हे मी वाचलंसुद्धा नव्हतं. ती चूक माझी, आणि ती मला तुम्हाला सांगायची होती.

एक कामही आहे. या चळवळीचं नाव मराठीत सांगायला शब्द सापडत नाही. इंग्रजीतल्या एकाच शब्दात 'फुकट'ही बसतं आणि 'स्वतंत्र'ही. आत्या काय म्हणाली असती? वह्यांत बघून कळवा.

तुमची मामेबहीण, अजूनही,
दिपमाला


देवपूर, धुळे
दि. १९ जून २०२४

चि. दिपमाला हिस,

पत्र फोडलं नसतं. पण अक्षर वळवण्याच्या नादात तू 'धुळे'मधला ळ उलटा काढलास, तेव्हा हा कोण अडाणी आपल्याला लिहितोय ते पाहावं म्हणून फोडलं.

सॉफ्टवेअर फुकट वाटणाऱ्या माणसावर एवढं जाड पुस्तक लिहितात याचं नवल वाटलं. आमच्या गल्लीत निवडणूक आली की पुष्कळ काही फुकट वाटतात, त्यांची चरित्रं कुणी लिहीत नाही. असो. बत्तीस वर्षं मराठी शिकवलं म्हणून शब्दाचं उत्तर देतो. 'मुक्त' हा शब्द संतांकडे राहू दे. 'फुकट' तर तुझ्या लेखीही चालत नाही. आईचा शब्द 'मोकयं'. दावं सोडलं की म्हणायची, 'गाय मोकयी शे.' गाय आपलीच असते, दूध देते, संध्याकाळी घरीही येते. फक्त गळ्यात दावं नसतं. तुझ्या त्या अमेरिकेतल्या माणसाला हे चालावं.

पण वह्यांत बघा असं मला कशाला सांगतेस? शब्द तुझ्या कॉम्प्युटरात आहेत. कुलूप तुझं, किल्ली तुझी. उघड आणि बघ.

आणि चुकीची कबुली द्यायचीच होती तर पुरती द्यायची. मी रागावून गेलो त्यानंतर पंधरा दिवसांनी तू आमच्या पोराच्या, कौतिकच्या हाती फ्लॉपी पाठवलीस. मला वाटलं, पोरीला पाझर फुटला. झुलालकडे जाऊन लावली तर आत निव्वळ कचरा. इंग्रजी अक्षरं, टक्क्याची खूण, कंस, डॉलर. एक अक्षर मराठी नाही. सही मोडायची नव्हती तर सरळ नाही म्हणायचं. आईची अशी थट्टा करायला नको होती. मी हे आईला कधी सांगितलं नाही आणि दुसऱ्या कुणाला सांगायचंही ठेवलं नाही.

आशीर्वाद.
भाईदास


जळगाव
दि. २७ जून २०२४

ती. नानांस सा. न.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा राग आला, मग हसू आलं, तिसऱ्यांदा रडू आलं. तेवीस वर्षं तुम्ही याच समजुतीत होता काय?

नाना, तो कचरा नव्हता. ते आत्याचेच शब्द होते. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये मी मराठी अक्षराची कळ दाबली की कॉम्प्युटर आत त्या कळीवरचं इंग्रजी अक्षरच साठवायचा. वरून मराठी दिसायचं ते त्या कंपनीच्या अक्षरांमुळे. झुलालभाऊंकडे ती अक्षरं नव्हती, त्यामुळे त्यांना सगळं उघडंनागडं इंग्रजी दिसलं. मी सही न मोडता जेवढं देता येईल तेवढं दिलं होतं. झुलालभाऊ हुशार, ते कुठून तरी अक्षरं मिळवतील असं वाटलं. सोबत चिठ्ठी लिहायला हवी होती. पण तुम्ही दुकानात चार माणसांसमोर बोलला होतात, मलाही राग होता. लिहिली नाही.

आता मी जे लपवलं ते सांगते. त्या सॉफ्टवेअरला खरंच कुलूप होतं. आम्ही त्याला लॉकच म्हणायचो. काडेपेटीएवढा तुकडा, कॉम्प्युटरच्या मागे खोचायचा, तो असेल तरच काम चाले. आत्या गेली त्याच वर्षी ते लॉक जळालं. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं की ती आवृत्ती बंद झाली, नवी घ्या. नवी घेतली तर तिच्यात जुनी फाइल उघडेना. माझं काम, माझे रविवार, माझी आत्या, आणि मलाच आत जायची परवानगी नाही. दुकान बंद केलं तेव्हा कॉम्प्युटर भंगारात गेला. माझ्याकडे आत्याचा एक शब्दही नाही नाना. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुमच्याकडे वह्या आहेत या भरवशावर मी होते, आणि तुम्हाला माझी फजिती कळू नये असंही वाटत होतं.

'मोकयं' फार आवडला. तुमचा फुकटचा गैरसमजही काढते. आत्याच्या भरताच्या वांग्यांचं बी आठवतं? कुणीही मागावं, ती पदराच्या गाठीतून काढून द्यायची. घेणाऱ्यानं हवं तिथे लावावं, हवं तसं भरीत करावं, त्यातूनच पुन्हा बी धरावं, शेजारणीला द्यावं. चळवळ मागते ती एवढीच मोकळीक. वापरायची, आत बघून बदलायची, दुसऱ्याला द्यायची, बदललेलंही द्यायची. आमचं ते कुलूपवालं सॉफ्टवेअर म्हणजे पाकिटातलं बियाणं होतं. एकदा पेरलं की पुढच्या साली पुन्हा दुकानात.

वह्या जपा. ती आता एकुलती एक प्रत आहे. जमलं तर पहिल्या वहीचं पहिलं पान झेरॉक्स करून पाठवा. त्या पानावर आत्यानं चहा सांडला होता, तो डाग बघायचाय.

दिपमाला


देवपूर, धुळे
दि. २१ जुलै २०२४

चि. दिपमाला हिस आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. प्रकृती बरी आहे. लिहायला बसत होतो आणि उठत होतो.

वह्या नाहीत.

दोन हजार सालच्या दिवाळीत घर आवरलं, तेव्हा अकराच्या अकरा मी स्वतः बांधून रद्दीवाल्याच्या पोत्यात टाकल्या. टाइप सगळं झालं होतं. कॉम्प्युटरात गेलं म्हणजे कायमचं राहिलं, अशी माझी खात्री होती. वर्गात पोरांना म्हणायचो, कागद कुजतो, ज्ञान कुजत नाही. आईनं त्या दिवशी एवढंच विचारलं होतं, 'बठ्ठ्या वह्या दी टाक्यात?' मी म्हटलं, दिपाकडे आहेत सगळे शब्द. त्यानंतर दुसऱ्या-चौथ्या दिवशी ती विचारायची, 'मन्हा शब्द कसा शेतस?' जणू शब्द जळगावला शिकायला ठेवलेत. मी म्हणायचो, बरे आहेत. शेवटच्या दुखण्यातही विचारलं, आणि मी तेच सांगितलं.

छापायला वेळ लावला तोही मीच. तू म्हणत होतीस, आहे तसं छापून टाकू. मला अकारविल्हे लावायचं होतं, ग्राम्य शब्द गाळायचे होते, परके शब्द काढायचे होते. खोडाखोडी करण्यातच वर्ष गेलं. हे सगळं मला ठाऊक असताना तुझ्यावर रागावणं सोपं होतं, म्हणून रागावत राहिलो.

आता दुसरी गोष्ट, ती वाचून तू हसशील. तो कचरा माझ्याकडे आहे. झुलालकडे पडद्यावर ते इंग्रजी दिसलं, तेव्हा झुलाल म्हणाला, मास्तर, पडद्यावर असंच दिसतं, कागदावर उतरलं की मराठी होईल. मला ते पटलं. त्याच्याकडे तो कडेला भोकं असलेला सलग कागद होता. पहिलं पान निघालं, इंग्रजीच. झुलाल म्हणाला, शाई गरम झाली की येईल. आम्ही दोघं शिकलेली माणसं तिथे बसून एकशे त्रेचाळीस पानं निघताना बघत राहिलो, पुढच्या पानावर तरी मराठी येईल म्हणून.

तो गठ्ठा मी पिठाच्या पिशवीत घालून कपाटावर ठेवला. कधीतरी नातेवाइकांत विषय निघाला तर तुझ्याविरुद्ध पुरावा म्हणून काढणार होतो. तेवीस वर्षांत दोनदा घर बदललं, सगळं टाकलं, हा पुरावा टाकला नाही. काल काढला. उंदरांनी पिशवी खाल्ली, कागद सोडलाय.

पहिलं पान सोबत आहे. काही होणार आहे का याचं?

भाईदास


जळगाव
दि. ५ ऑगस्ट २०२४

ती. नानांस सा. न.

होणार आहे.

पान आलं त्या दिवशी मी माळ्यावरून जुना कीबोर्ड काढला. दुकानाची तेवढीच आठवण ठेवली होती. कशालाच जोडलेला नाही, नुसता टेबलावर ठेवला. पहिल्या ओळीतली पहिली खूण पाहिली, त्या कळीवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. नाना, मला विचारलं असतं तर एकही अक्षर सांगता आलं नसतं. पण बोटांना ठाऊक होतं. डाव्या करंगळीखाली हे, उजव्या मधल्या बोटाखाली ते. दहा वर्षं रोज बडवलेल्या कळा. ळ मात्र आठवेना. मग लक्षात आलं, आत्याच्या बोलण्यात ळ नव्हताच, तिथे सगळा य. ते बोट रविवारी जवळजवळ रिकामंच असायचं.

दुपारपर्यंत पहिली ओळ निघाली. लिहून देते.

'अठे : येथे. अठे ये माय, बठ जराशी.'

मग मी खरंच खुर्चीत बसून राहिले.

सगळ्या खुणांचा तक्ता करून सोबत पाठवला आहे, डावीकडे खूण, उजवीकडे अक्षर. काही ठिकाणी छपाईत नुसते चौकोन उमटलेत, झुलालभाऊंच्या प्रिंटरला त्या खुणा माहीत नव्हत्या. तिथे माझी बोटं काही करू शकत नाहीत. तिथे आत्या काय म्हणायची ते तुम्ही आठवायचं.

पुढचं ऐका. आमच्या वाचनगटात स्नेहल म्हणून आहेत, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतात. त्यांनी दाखवलं की अशा जुन्या अक्षरांचं आजच्या मराठीत रूपांतर करणारे प्रोग्रॅम लोकांनी लिहून मोकळे ठेवलेत. त्यातला एक उघडून बघितला तर आत अगदी माझ्यासारखाच तक्ता. खूण आणि अक्षर, खूण आणि अक्षर. आपलं सॉफ्टवेअर त्यात नव्हतं. पण आतलं दिसतंय म्हटल्यावर त्यांचा तक्ता काढून आपला घालता आला. लिहिणारा कोण, कुठला, ठाऊक नाही. त्यानं कुणाच्या आत्यासाठी लिहिलं असेल कुणास ठाऊक. पुस्तकातली दोनशे पानं वाचून जे कळलं नव्हतं ते मला तिथे कळलं.

तेव्हा असं ठरवलंय. एकशे त्रेचाळीस पानं मी परत टाइप करते, त्याच इंग्रजी खुणा, त्याच कळा. प्रोग्रॅम त्यांचं मराठी करील. आणि झालं की त्या प्रोग्रॅमसारखेच आत्याचे शब्दही मोकळे ठेवू. कुणीही वाचावेत, घ्यावेत, भर घालावी. उरलेली सगळी पानं पाठवा.

दिपमाला


देवपूर, धुळे
दि. १६ ऑगस्ट २०२४

चि. दिपमाला हिस आशीर्वाद.

तुझा तक्ता मिळाला. पाच दिवस तोच घेऊन बसलोय. दहा पानं हातानं सोडवली. शाळेत असताना शब्दकोडी सोडवणाऱ्या शिक्षकांना मी नावं ठेवायचो. चौकोनांची काळजी करू नकोस, बहुतेक ठिकाणी आई आठवते. 'उबगना'मध्ये चौकोन होता, पण तो शब्द ती मलाच उद्देशून वापरायची, त्यामुळे विसरणं शक्य नव्हतं.

रजिस्टर पोस्टानं पुढची नव्व्याण्णव पानं पाठवली आहेत, पहिलं धरून शंभर. त्रेचाळीस मागे ठेवलीत, आणि त्याचं कारण सांगतो.

मोकळे ठेवायचे हे मला मान्य नाही. पंचाण्णव साली एक गृहस्थ घरी आले होते. गोड बोलून आईजवळ बसले, चाळीस शब्द लिहून घेतले, चहा प्यायले. पुढे लेख छापून आला, खाली 'संकलन' म्हणून त्यांचं स्वतःचं नाव. आईचं नाव कुठेच नाही. आईला लेख वाचता येत नव्हता हे बरं झालं. तुझ्या त्या अमेरिकेतल्या माणसाचा जगावर विश्वास असेल, माझा नाही. ऐरागैरा कुणी येईल, घेईल आणि आपलं नाव लावील.

म्हणून सोबत एक कागद जोडलाय. मी लिहून काढलाय, भाषा नीट आहे. संग्रह माझ्या परवानगीविना कुणालाही द्यायचा नाही, नक्कल करायची नाही, दाखवायचा नाही. खाली सही करून परत पाठव. उरलेली पानं लगेच पाठवतो.

भाईदास


जळगाव
दि. २४ ऑगस्ट २०२४

ती. नानांस सा. न.

कागद सही न करता परत पाठवत आहे. भाषा खरंच नीट आहे. कंपनीच्या कागदावरही हेच लिहिलं होतं, फक्त इंग्रजीत.

असल्या कागदावर मी एकदा सही केली. तुम्ही समोर उभे होतात आणि तुम्हाला नाही म्हणावं लागलं. उद्या कौतिकच्या लेकीनं आपल्या पणजीचे शब्द मागितले, तर मी पुन्हा नाही म्हणायचं? ते माझ्याच्यानं होणार नाही.

त्या गृहस्थांचा मलाही राग येतो. पण त्यांनी आत्याचे शब्द नेले म्हणून आत्याकडचे शब्द कमी झाले नाहीत. नाव खाल्लं, ते वाईट केलं. मोकळं म्हणजे बेवारशी नव्हे. ज्याचं काम त्याचं नाव वर ठेवायचं, घेणाऱ्यानं ते पुसायचं नाही, अशी अट घालता येते. या चळवळीतले लोक तशी घालतात. पहिल्या ओळीत आत्याचं नाव, 'झुंबरबाई', लिहू, त्याखाली तुमचं नाव, मग जागा उरली तर माझं.

तरीही ऐका. वालभर अक्कल आलीय तर सांगते, मी तुमच्याशी सौदा करणार नाही. आई तुमची. तुम्ही नाही म्हणालात तर नाही. शंभर पानं टाइप करून, छापून तुम्हाला देईन आणि माझ्याकडची प्रत पुसून टाकीन. त्यासाठी सहीची गरज नाही.

कार्यक्रम झाला. 'मोकयं' सांगितलं तेव्हा आठपैकी पाचजणींनी आपापल्या आजीची गाय सांगितली. पुस्तक बाजूलाच राहिलं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला सांगायला हवी. आपलं भांडण झालं त्या साली तुम्ही दहावीचे पेपर तपासायला अमळनेरला गेला होतात, तेव्हाचा शेवटचा रविवार. आत्या एकटीच आली, बसनं, मांडीवर शेवेची पिशवी घेऊन. म्हणाली, एक शब्द राहिलाय, आज तो घाल. मी म्हटलं, नानांना दाखवून घालू. तर म्हणाली, 'भाईदासले सांगू नको, तो खोडी टाकी.' मी घातला. तिनं तो माझ्याकडून परत वाचून घेतला, दोनदा, आणि खूप हसली. कोणता शब्द होता ते मला काही केल्या आठवत नाही. हजारो टाइप केले. पण तो शेवटचा होता, म्हणजे शेवटच्या पानावर तळाशी असणार. ते पान तुमच्याकडे आहे, तक्ताही तुमच्याकडे आहे.

दिपमाला


देवपूर, धुळे
दि. १२ सप्टेंबर २०२४

चि. दिपमाला हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यावर आठ दिवस ते पान काढलंच नाही. आईनं मला न सांगता काही ठेवलंय हे मनाला लागलं होतं. काय असेल याचे मीच तर्क करत होतो. कुणावर राग असेल, माझ्यावर असेल, वह्या टाकल्याचा असेल. शेवटी सोमवारी सकाळी ओट्यावर खुर्ची टाकून बसलो.

तळाच्या तीन ओळी. दोन चौकोन होते आणि एक खूण दुमडीत पुसली होती. चार दिवस लागले. पहिला शब्द निघाला तेव्हा वाटलं, मी चुकलो. पुन्हा सोडवला, पुन्हा तोच. जसं आहे तसं लिहितो.

'कंपुटर : दिपाना घरनी पेटी. त्यामा मन्हा बठ्ठा बोल शेतस. कोनी बी उघाडा, कोनी बी ल्या.'

दिपा, आई बरोबर होती. मी तेव्हा तिथे असतो तर हा शब्द खोडला असता. परका म्हणून खोडला असता, आणि व्याख्या चूक म्हणूनही. लाल शाईनं. तिला ते पक्कं ठाऊक होतं.

कुणीही उघडा, कुणीही घ्या, असं तिनं म्हटलंय, 'कोनी बी' एकदा नाही, दोनदा. आणि ती पेटी तेवीस वर्षं कुणालाच उघडता आली नाही. तुला नाही, मला नाही. मी तर तिला सांगत राहिलो की शब्द बरे आहेत. आता तुझा तक्ता हातात असून मी वर पुन्हा नवं कुलूप करायला निघालो होतो. मी लिहिलेला तो कागद फाडला. भाषा नीट होती, तरी फाडला.

मोकळे ठेव. वर आईचं नाव लिही, अट काय घालायची ती स्नेहलबाईंना विचारून घाल. माझं नाव खाली असलं तरी चालेल, तुझ्या खालीही चालेल. गाळलेले ग्राम्य शब्द मला आठवतात तेवढे लिहून काढतोय, तेही घाल.

उरलेली त्रेचाळीस पानं टपालानं पाठवत नाही. रविवारी सकाळच्या बसनं मीच घेऊन येतो. तू काय बोललीस ते मला ऐकू येणार नाही, तेव्हा पाटी-पेन्सिल काढून ठेव. भरीत कर.

अकारविल्हे लावशील तेव्हा हा शब्द 'क'मध्ये जाईल. त्यात आईनं 'पु' ऱ्हस्व म्हटलाय. तो दीर्घ करू नकोस, 'कॉ'ही करू नकोस. राहू दे तसाच.

तुझा,
नाना